शाबूत घरं

तळ्यांनाही वेशी असत, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्याच्या वेशीवर म्हातारं कासव राखणीला बसे. ज्याचं घर गेलं त्याला काठावर थारा द्यायचा, एवढा एकच नियम ते पाळत आलं होतं.

एका सकाळी शेतातून गोगलगाय आली. "आजोबा, मला आत घ्या. माणसांनी आमच्या बांधावर मीठ टाकलंय."

कासवानं तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "अगं, तुझं घर तर तुझ्या पाठीवर आहे. साधा तडाही नाही. तुला बेघर कसं म्हणू? जा आपल्या गावी."

गोगलगाय म्हणाली, "घरं सगळ्यांचीच शाबूत आहेत, आजोबा. बांधावर चला, दाखवते. माझ्या आईचं आहे, तिन्ही भावांची आहेत. आत मात्र कुणी नाही."

कासव बाजूला सरलं. घाबरलं की मान आत ओढायची, ही त्याची जन्माची सवय. तशी ती ओढली, आणि आपल्या घराला दुसरं दार नाही, हे त्याला शंभर वर्षांत पहिल्यांदाच कळलं.