रिकाम्या शेताची राखण

“आत किती पाणी आलं?” तान्हूमावशीने विचारलं.

“एक थेंबसुद्धा नाही!” मकरंद म्हणाला आणि छाती फुगवून उभा राहिला.

छाती उघडीच होती. अंगातला सदरा त्याने फळ्यांच्या फटीत कोंबला होता.

ही गोष्ट आंबोशीच्या खाडीवरची. ज्याला खोटी वाटेल त्याने तिथल्या चिखलात पाय घालून बघावा. पाय परत मिळाला तर मला कळवावं.

आंबोशीला नदी समुद्राला मिळते. काठावर भाताची शेतं, शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाला एक दार. त्याला उघाडी म्हणतात. दाराला लाकडी फळ्या. लावल्या की भरती बाहेर, काढल्या की आत. या फळ्या पन्नास वर्षं तान्हूमावशीच्या हातात होत्या. गावाचा नियम एकच: उघाडीवाल्याला कुणी शिकवायचं नाही.

मकरंद भुवड पलीकडच्या काठाचा. इंजिनियर. बापाच्या शेताला त्याने स्वतः आखून सिमेंटची भिंत घातली होती, तिला दार म्हणून ठेवलं नव्हतं. दोनदा ती उंच केली, तरी शेत दरवर्षी जास्तच पाणथळ. यंदा बाप म्हणाला, “आता विकतो. पुढच्या पावसात गिऱ्हाईकही बुडेल.”

म्हणून पोरगा मृगात मावशीकडे आला होता. “पाणी अडवायला शिकव.”

“बरं,” मावशी म्हणाली होती. “ऱ्हा.”

पावसाळाभर ती भरतीला फळ्या लावायची, ओहोटीला काढायची. तो बघायचा, वहीत लिहायचा, आणि तिसऱ्या आठवड्यापासून तिलाच समजावून सांगायला लागला.

कार्तिकात कापणी झाली. पौर्णिमेच्या सकाळी मावशी म्हणाली, “आज उधाण. आज फळ्या तुझ्या. जमलं, तर पुढंही तुझ्याच.”

आणि पान लावत घरी गेली.

भरती चढू लागली तसा अख्खा गाव बांधावर जमला. जाळी, टोपल्या, पोरं, एक ढोलकंसुद्धा. मकरंदने सगळ्या फळ्या ठोकून बसवल्या, फटींत चिखल भरला, पेंढा भरला. पेंढा संपला तेव्हा सदरा भरला.

द्वारकाकाकी टोपली उलटी करून तिच्यावर बसली. “काय हो साहेब, माशांनी परवाना काढून यायचं का आज?”

“काकी, शेत खारेल!”

“शेतात आहे काय?”

“काही नाही. पण शेत आहे ना!”

काकीने तोंडात पदर कोंबला. उघाडीवाल्याला शिकवायचं नाही, हसायचं नाही असं मात्र नियमात कुठं नव्हतं.

भर दुपारी मावशी आली, तेव्हाचा हा सुरुवातीचा सवाल-जवाब.

“एक थेंबसुद्धा नाही?”

“नाही.”

“आणि गाळ?”

“गाळ कसा येईल? गाळ पाण्याबरोबर...”

मावशी खाली उतरून रिकाम्या शेतात चालू लागली. तो मागोमाग. शेताच्या मधोमध वीतभर लाकूड वर आलेलं होतं.

“बस.”

तो बसला. बूड टेकायला जेमतेम जागा.

“मी लग्न होऊन आले तेव्हा या खांबाला म्हैस बांधायचे. माझ्या छातीला लागायचा.”

“झिजला असेल.”

“वरून बघतोस म्हणून झिजला. खालून बघ.”

मकरंदने हाताने माती उकरली. मनगट गेलं, कोपर गेलं. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना खांबावर गोल खाच लागली... म्हशीच्या दाव्याने पडलेली, गुळगुळीत.

तो तसाच पालथा पडून राहिला.

आंबोशीत सांगतात की या शेताखाली सात शेतं आहेत आणि सगळ्यात खालच्यात अजून एक रेडा नांगर ओढतोय. मी स्वतः कान लावून ऐकलंय. रेडा दमलेला वाटला.

“मावशी,” मकरंद मातीत तोंड ठेवूनच म्हणाला, “समुद्र वर चढतोय. दरवर्षी, भाताच्या दाण्याच्या जाडीएवढा.”

“ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?”

“बांधाने. आणि नदी दरवर्षी काय आणते?”

“डोंगराची माती.”

“मग? तुझ्या बापाचं शेत आता खाडीपेक्षा किती खाली?”

“चार बोटं.”

“भिंत घातली तेव्हा?”

“बरोबरीला होतं.”

“मग भिंतीने अडवलं काय?”

मकरंदने हात बाहेर काढला. खांद्यापर्यंत काळा. तो हाताकडे बघत राहिला, जणू बाजारातून दुसऱ्याचाच हात घेऊन आलाय.

बांधापलीकडे पाणी फळ्यांवर थापा मारत होतं.

“भरती किती उरली?” त्याने विचारलं.

“पाव तास.”

तो धावला. दोनदा पडला. उघाडीवर चढून त्याने पहिली फळी धरली. ओलीने फुगलेली, हलेना. त्याने इतकी भक्कम ठोकली होती की त्याच्याच कामाचा त्याला पहिल्यांदा राग आला.

“काकी, हात लावा!”

“नियम आहे बाबा...”

“शिकवू नका! नुसतं ओढा!”

गाव ओढायला लागला. पहिली फळी सुटली, दुसरी सुटली, आणि टपरीवरच्या चहाच्या रंगाचं पाणी धो धो करत आत शिरलं. सर्वांच्या पुढे मकरंदचा सदरा, बाह्या पसरून, जत्रेला निघाल्यासारखा. ढोलकं वाजू लागलं. रिकामं शेत भरत गेलं. मग पाणी थबकलं... आणि तसंच पसरून निवांत बसलं.

ओहोटीला ते आल्या पावली परत निघालं. येताना गढूळ होतं, जाताना निवळ. दारात जाळी लागली. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या! एक बोय उडून थेट द्वारकाकाकीच्या टोपलीत पडला. तो आधीच मीठ लावलेला होता असं काकी सांगते, पण तिचं सगळंच खरं धरू नये.

शेतावर मऊ काळी साय उरली होती. नखाएवढी जाड. मीठ पुढच्या पावसात धुऊन जाणार होतं, साय राहणार होती. मकरंद तिच्यावर अनवाणी नाचत होता.

सदरा सापडला. खिशात चिंबोरी होती, आणि ती जागा सोडायला तयार नव्हती.

उन्हं कलली तसा तो मावशीपुढे येऊन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत गाळ. फक्त दात पांढरे.

“मावशी, शेत विकायचं नाही. उद्या पहाटे जातो आणि भिंत फोडून टाकतो. एक दगड ठेवत नाही!”

मावशीने एक जुनी फळी उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

“दारापुरती फोड,” ती म्हणाली. “आणि बापाला सांग, जाळं विणायला घे.”