कोळंबगडची हिरवी शेंबी

“पुन्हा हरलो! आणि कोणामुळे? या शेंबीमुळे!”

कोळंबगडच्या रणधीरराजांनी स्नूकरचा क्यू टेबलावर आपटला. शेजारच्या संस्थानचे राजे मिशीतल्या मिशीत हसत निरोप घेत होते, ते पाहून तर रणधीरराजांच्या अंगाचा तिळपापड झाला. शेंबी म्हणजे क्यूच्या, चेंडू मारायच्या त्या काठीच्या, निमुळत्या टोकावरची, बोटाच्या पेराएवढी कडी. तिच्यावर चामड्याची टिकली बसते आणि ती टिकली चेंडूला लागते. एवढीशी वस्तू, पण राजांच्या सगळ्या पराभवांचा भार बिचारी एकटी वाहत होती. ‘सरकार, नेम आपलाच तर चुकत नसेल?’ असं विचारायची दरबारात कोणाची छाती नव्हती.

लगेच धोंडू कातारी याला बोलावणं गेलं. लेथवर लाकडी खेळणी आणि पलंगाचे खूर कातायचे, त्यांना लाखेचे रंग चढवायचे, हा त्याचा धंदा. राजवाड्यातले क्यूही तोच दुरुस्त करी.

“ही पितळी शेंबी बघ! चेंडू मारला की टण्ण! झिणझिण्या थेट कोपरापर्यंत!”

“हस्तिदंताची करून देतो, सरकार.”

“ती झाली वापरून! अगदीच गुळमुळीत! चेंडूला लागलं की उशीला, कळत नाही.”

“मग शिंगाची?”

“पावसाळ्यात तडकली!”

“लाकडाची?”

“चेपली! आता नीट ऐक. पितळ नको, हस्तिदंत नको, शिंग नको, लाकूड नको. टण्ण होता कामा नये आणि गुळमुळीतही लागता कामा नये! दसऱ्याच्या दरबारात अशी शेंबी हजर कर. नाही जमलं, तर तुझा लेथ फोडून मुदपाकखान्यात जाळायला घालीन!”

“पण सरकार, मग उरलं काय? वारा?”

“ते तू बघ!”

क्यू घेऊन धोंडू घरी आला आणि लेथपाशी मटकन बसला. लेथ गेला तर घरातली चूल पेटणार नव्हती. त्याची मुलगी शेवंता भोवरे रंगवत होती. तिचा हात चलाख, आणि जीभ हाताहून चलाख. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बाबा, सरकारांना नको काय आहे? पितळ, की टण्ण?”

“दोन्ही गं! काय फरक पडतो?”

शेवंताने क्यू कानाशी धरून हलवला, शेंबीवर टिचकी मारली आणि खुदकन हसली.

“पडतो तर! लाख तापवा. आणि दसऱ्याला दरबारात मी जाणार. तुम्ही गेलात, तर राजांचे डोळे बघूनच सगळं ओकून मोकळे व्हाल!”

धोंडूला राग आला, पण पोरगी खरं तेच बोलत होती. त्याने मुकाट्याने शेगडी पेटवली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि सगळा दरबार स्नूकरच्या दालनात जमला. शेवंताने मुजरा करून क्यू पुढे केला. त्याच्या टोकावर पोपटासारखी हिरवीगार, चकचकीत शेंबी होती.

“कशाची आहे?” राजांनी विचारलं.

“सरकारांनीच ओळखावी. सरकारांच्या हाताची कीर्ती ऐकून आलेय.”

राजे फुलले. “हा हात आजवर कधी फसला नाही!” असं म्हणत त्यांनी वाकून चेंडू मारला.

टक्! आवाज नेमका आणि आटोपशीर आला, आणि लाल चेंडू सरळ टेबलाच्या खिशात गेला. दरबाराने ‘वाहवा!’ केली. वाहवा एरवीही व्हायची, पण आजची मनापासून होती.

“हस्तिदंत नाही!” राजे म्हणाले. “चेंडू कसा हाताला कळतोय!” त्यांनी आणखी एक चेंडू मारला. “शिंग नाही. लाकूड तर नाहीच. आणि पितळ? छे! पितळ या हातापासून लपायचं नाही. माझा हात सांगतो, हे पितळ नव्हे!”

“म्हणजे अट पुरी झाली, सरकार?”

“झाली! लेथ तुमचाच! आता सांग, कशाची आहे?”

“ते तेवढं विचारू नये.”

हट्टी राजाला ‘विचारू नये’ म्हणायचं? राजांनी अंगठ्याच्या नखाने शेंबी खरवडली. हिरव्या लाखेचा टवका उडाला आणि आतून पिवळं चमकलं.

“पितळ!” दिवाणजी किंचाळले.

राजांचे कान लाल झाले. “कार्टे! ही तर जुनीच शेंबी!”

“जुनीच, सरकार. लांब होती, जड होती आणि सैल बसली होती, म्हणून थरथरायची. आम्ही ती आखूड केली, घासून पातळ केली आणि तापल्या लाखेत घट्ट बसवली. घासून गेलेली जाडी वरून हिरव्या लाखेने भरून काढली.”

“पितळ नको म्हणून बजावलं होतं! लेथ जाळा!”

 शेवंताची जीभ काही अडखळली नाही.

“जाळा, सरकार. फक्त आधी निवाडा करा. आपला हात म्हणतो, पितळ नव्हे. आपलं नख म्हणतं, पितळ! साक्षीदार दोन्ही आपलेच, मी त्यात कुठेच नाही. हात खरा असेल, तर अट पुरी झाली आणि लेथ आमचा. नख खरं असेल, तर भर दरबारात खोटं बोलला तो हात! मग शिक्षा हाताला करा. माझ्या बाबांच्या लेथला का?”

 राजांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मग नख पाहिलं. मग त्यांची मिशी थरथरू लागली, आणि खदाखदा हसत त्यांनी टेबलावर असा हात आपटला की सगळे चेंडू विस्कटले.

“हाताला शिक्षा करायची म्हणजे माझा स्नूकर बंद! ते कसं चालेल? हातच खरा! दिवाणजी, राजवाड्यातलं सगळं कातकाम आजपासून धोंडूकडे. आणि या पोरीला सोन्याचे तोडे द्या!”

“आणि नख, सरकार?” शेवंताने हळूच विचारलं. “ते खोटं बोललं ना?”

“हो की!” राजे अंगठा पुढे धरून गरजले. “न्हाव्याला बोलवा! आत्ताच्या आत्ता उडवा याला!”