डुंबरचं नामांकित विद्यापीठ

फार पूर्वी, रानात सगळेच बोलत तेव्हा, डुंबर नावाच्या बेडकानं तळ्यात पोहण्याचं विद्यापीठ काढलं. विद्यार्थी मिळेनात, म्हणून त्यानं पोपटांना पढवलं, "इथे या, माशासारखे पोहा!" एकाचं ऐकून दुसरा ओरडे, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. रानभर एकच गलका झाला.

सकाळी ससे, माकडं, अस्वलं, झाडून सारे आले आणि त्यांनी धबाधब उड्या मारल्या. सगळं पाणी उसळून काठाबाहेर गेलं. सारे खिदळत चिखलात लोळू लागले.

"कुलगुरू, आता यांना पोहायला शिकवू कशात?" तिथं शिकवणारी कासवीण रडवेली झाली.

डुंबर टुणकन उडी मारून पोपटांना म्हणाला, "ओरडा, आमच्याकडे एकही विद्यार्थी बुडत नाही!"

संध्याकाळपर्यंत हत्तींची रांग लागली.