निळ्या सावल्यांचा बर्फ

सपाट, उन्हाच्या मुलखात एक राजा होता. त्याच्या पदरी सटवाजी नावाचा चितारी होता. पाण्यात रंग कालवून तो कागदावर मोर, आंबे, हत्ती काढी. साऱ्या दरबाराला त्याचं कौतुक.

राजाची राणी देवकला दूर उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरातली. लग्नाला सहा वर्षं झाली, पण माहेर दिसलं नव्हतं. वाट तीन महिन्यांची, मधल्या मुलखात लढाया. ती दिवसदिवस खिडकीशी बसे. बोलणं तर जवळजवळ सुटलंच होतं.

शेवटी राजानं सटवाजीला बोलावलं. "राणीसाहेबांच्या माहेरचा डोंगर काढा. तेवढाच जीव रमेल त्यांचा."

सटवाजीनं बर्फ जन्मात पाहिला नव्हता. पण एवढ्या मोठ्या चिताऱ्यानं तसं सांगायचं कसं? त्यानं डोंगर काढला आणि वर पांढऱ्या रंगाचे थरावर थर चढवले. दरबारी वाहवा करू लागले. राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून त्याला दिलं.

राणी चित्रापाशी आली. "छान आहे," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.

सटवाजीनं ते पाहिलं. त्यानं कडं राजापुढे ठेवलं.

"महाराज, मी मनचं काढलं. बर्फ मला ठाऊकच नाही. राणीसाहेब, तुम्ही सांगाल?"

दरबारी हसले. राणी मात्र थबकली. सहा वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"पहाटे दार उघडलं की सगळं पांढरं," ती सांगू लागली. "त्यावर कुणाचं पाऊल नसे. आई हाका मारायची, तरी मी उंबऱ्यावरच उभी. पाय टाकला तर मोडेल ना! आणि सावल्या काळ्या नसत, सटवाजी. निळ्या असत."

सटवाजीनं नवा कागद घेतला. पांढऱ्या रंगाची वाटी दूर सारली. देवदार काढले, फिक्या निळ्या सावल्या सोडल्या. जिथे बर्फ, तिथे त्यानं कुंचला टेकवलाच नाही. कोरा कागदच तिथे बर्फ होऊन राहिला.

राणी बघत राहिली. मग सगळ्यांदेखत रडू लागली.

राजा घाबरला. "अहो, यानं तर दुःख वाढलं!"

"वाढलं नाही, महाराज," राणी म्हणाली. "आज ते कुणीतरी ऐकून घेतलं."

आणि ती आईबद्दल बोलू लागली. राजा सिंहासनावरून उतरला आणि ऐकायला तिच्याजवळ जमिनीवर बसला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मनातलं जाणायचं असेल, तर आपल्याला ते ठाऊक नाही हे आधी कबूल करावं आणि मग आपुलकीनं विचारावं.