पहिलं पान कोणाचं

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. आत्याने तसं बजावलं आहे. ती विद्यापीठाच्या कचेरीत काम करते आणि तिला भीती वाटते की तिथल्या साहेबांना ही आपल्यावरच लिहिली आहे असं वाटेल. पण गोष्ट सोनतळ्याच्या उदाजीराजांची आहे, आणि त्यांना जाऊन कैक वर्षं झाली. साहेबांनी कशाला मनाला लावून घ्यावं?

तर सोनतळ्याच्या विद्यापीठात अंगण झाडणाऱ्या कोंडाईचा पगार एका सकाळी निम्मा झाला. कुलगुरू नरहरपंत म्हणाले, तिजोरीत खडखडाट आहे, परवडत नसेल तर झाडू ठेव आणि घरी जा. घरात कमावणारी कोंडाई एकटीच. तिची मुलगी बयजा सरळ दरबारात जाऊन उभी राहिली. विद्यापीठ आमच्या बाजारपट्टीवर चालतं, ती म्हणाली, मग त्यातलं कोणाला किती जातं ते आम्हाला कळू द्या.

नरहरपंतांनी कानांवर हात ठेवले. "महाराज, पगार म्हणजे सोवळ्यातला देव. येणाऱ्याजाणाऱ्याने शिवायचा नसतो."

राजे हट्टी होते. शिवाय पगाराचं दफ्तर बंद ठेवायचा शब्द त्यांनी पंतांना आधीच देऊन टाकला होता. त्यांनी बयजाला अट घातली. दफ्तर उघडणार नाही, आणि तिने एकाही पंडिताला पगार विचारायचा नाही. तरीही गुरुपौर्णिमेपर्यंत पंडितांनी आपापला पगार चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगितला, तर कोंडाईला पुरा पगार मिळेल. नाही सांगितला, तर उरलेला निम्माही जाईल.

दरबार हसला. पंडित मंडळी बायकोलासुद्धा पगार सांगत नसत.

बयजाने थोडा विचार केला. मग ती म्हणाली, गुरुपौर्णिमेच्या पंगतीची पानं तेवढी मला मांडू द्या, आणि तूप महाराजांनी स्वतः वाढावं. राजांना वाढायची हौस होतीच. ते हो म्हणाले.

या पंगतीला विद्यापीठातले सगळे, कुलगुरूंपासून झाडूवाल्यांपर्यंत, एकाच रांगेत बसत. राजांच्या आजोबांचा तसा दंडक होता. पण पहिलं पान कोणाचं, यावरून दर वर्षी भांडण होई. कारण तूप पहिल्या पानापासून सुटे आणि शेवटाला पोचेपर्यंत तपेलीत नुसता वास उरे. गेल्या साली व्याकरणाचे आणि तर्काचे पंडित असे जुंपले होते की दोघांची उपरणी आमटीत सापडली.

गुरुपौर्णिमेला पटांगणाभोवती सारं गाव पंगत बघायला जमलं. बयजाने पानं मांडली आणि हात जोडले. "मी अडाणी. कोणाची विद्या मोठी ते मला कळत नाही. महाराज ज्याला जास्त देतात तो मोठा, एवढंच कळतं. त्या मानाने बसून घ्या. मी कोणाला काही विचारणार नाही. सांगायचं नसेल त्याने खुशाल शेवटी बसावं."

आचारी आतून ओरडला की भात गार होतोय. तेव्हा व्याकरणपंडित हळूच जाऊन पहिल्या पानावर बसले.

"तुम्ही तिथे कसे?" तर्कपंडित म्हणाले.

"मला साठ होन आहेत."

"मला सत्तर. उठा."

मग ज्योतिषी ऐंशी म्हणाले, वैद्यबुवांनी नव्वद सांगितले, आणि व्याकरणपंडित सरकत सरकत पार मधे आले. प्रत्येक आकड्याला गावकरी एकमेकांकडे बघत होते. नरहरपंतांना आपल्या पहिल्या पानासाठी दोनशे म्हणावंच लागलं.

फक्त भालचंद्रशास्त्री गप्प होते. हे नरहरपंतांचे साडू. अंगावर पाल पडली तर काय फळ मिळतं, हे शास्त्र ते शिकवत. विद्यार्थी एकही नव्हता. पंतांनी डोळ्यांनी खुणावलं, तसे ते बिचारे शेवटच्या पानावर, कोंडाईच्या शेजारी जाऊन बसले. राजांनी तपेली उचलली. तूप निघालं. शास्त्रीबुवा मान लांब करून त्याच्याकडे बघत राहिले.

कोंडाईने आपलं पान जरा सरकवून त्यांना जागा करून दिली. "बसा शास्त्रीबुवा. आमच्याएवढाच मिळतो होय तुम्हाला? एवढं शिकून? अरेरे."

"तुझ्याएवढा?" शास्त्रीबुवा ताडकन उठले. "तीनशे होन घेतो मी! पाल पडो न पडो!"

राजांच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी विचारलं, शेवटची पाल कधी पडली?

"आमच्या कारकिर्दीत अजून योग आला नाही, महाराज."

नरहरपंत घाईने म्हणाले की अट मोडली, या पोरीने पगार विचारलाच.

"मी?" बयजा म्हणाली. "मी तर पानं मांडली. पंतांना मात्र आता एक पान खाली सरकावं लागेल. साडूंचा मान मोठा निघाला."

राजे असे हसले की तूप धोतरावर सांडलं. कोंडाईला पुरा पगार मिळाला, मागचा कापलेलासुद्धा. पालीचं शास्त्र पाल पडेपर्यंत बंद झालं. मग राजांनी बयजाला सांगितलं, तुला स्वतःसाठी काय हवं ते माग.

"काही नको, महाराज. एक पान मांडायचं राहिलंय, ते कुठे मांडू तेवढं सांगा."

"कोणाचं?"

"तुमचं."

राजे आधी चपापले, आणि मग पहिल्यापेक्षाही मोठ्याने हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या भिंतीला चुना लागला आणि त्यावर सगळ्यांचे पगार लिहिले गेले. सगळ्यांत वर राजांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'उदाजी. हुद्दा राजा. काम, दरबारात बसणे. पगार दरमहा...

आले, आत्या! काही नाही गं, गृहपाठ करत होते.