गौतमी गप्प राहिली

एका नदीकाठच्या राज्यात गौतमी नावाची एक मुलगी होती. पाठांतर असो की उच्चार, पाठशाळेत तिचा हात कुणी धरू शकत नसे. त्या राज्याचा शेजारच्या डोंगरी राज्याशी एक करार होता. दर वर्षी इकडची एक विद्यार्थिनी तिकडे जाई, तिकडची एक इकडे येई. वर्षभर राहायचं, तिथली भाषा शिकायची आणि आपली शिकवायची. त्या वर्षी गौतमीची निवड झाली.

डोंगरी राज्यात तिची सोय पेमा नावाच्या म्हातारीकडे झाली. पेमाआजी लोकर कातून पोट भरायची. सहा महिन्यांत गौतमी तिथली भाषा घडाघडा बोलू लागली. बाजारातले लोक कौतुकाने थांबून ऐकत. तिलाही ते फार आवडे.

शिकवणं मात्र काही केल्या जमेना. तिची विद्यार्थिनी एकच, पेमाआजी. आजीचा मुलगा व्यापारासाठी नदीकाठी गेला होता, तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथेच राहिला होता, आणि दोन वर्षांपूर्वी तापाने तिथेच वारला. सून सगुणा आणि लहानगी नात आजीने कधी डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. आता सुनेचा निरोप आला होता, चैत्रात भेटायला येते म्हणून. सुनेशी तिच्या भाषेत बोलायचं, एवढाच आजीचा ध्यास होता.

"आजी, 'दगड पडली' नाही. 'दगड पडला'."

"आणि वीट?"

"वीट पडली."

"दगड बाप्या आणि वीट बाई? हे तुमच्याकडे ठरवतं कोण गं?" आजी हसे आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा चुके.

गौतमी कपाळाला हात लावी. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "आजी, कशाला एवढा त्रास घेता? सून आली की मी आहेच. तुमचं सगळं मी सांगेन तिला."

पण लोकर कातताना आजीचे ओठ हलतच राहिले.

चैत्रात सगुणा आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी, बरोबर तिच्या मामांचा व्यापारी तांडा. मामांनी दारातच सांगितलं, "आम्ही तिसऱ्या प्रहरी परत फिरणार. सगुणे, मन लागलं तर राहा. नाही लागलं तर चल आमच्याबरोबर."

आजीने सुनेचे हात धरले आणि आपल्या भाषेत ती भडभडून बोलू लागली. गौतमीने ते सुरेख शब्दांत सांगितलं, "सासूबाई म्हणतात, आपल्या येण्याने या घरात उजेड आला."

"मी आभारी आहे म्हणावं," सगुणा गौतमीकडे पाहून म्हणाली.

असंच चाललं. गौतमीचा एक शब्द चुकला नाही. पण सासू सुनेशी बोलत नव्हती की सून सासूशी. दोघीही गौतमीकडेच पाहत होत्या. सगुणाने मांडीवरचं गाठोडं अजून खाली ठेवलं नव्हतं. ती सारखी बाहेर, कलत्या उन्हाकडे पाहत होती. हळूहळू आजी बोलायचीच थांबली.

गौतमीच्या ते ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती उठली. "मी पाणी आणते."

"जाऊ नकोस," आजी घाबरून म्हणाली. "मला येत नाही गं."

"येतं, आजी," गौतमी म्हणाली आणि बाहेर पडली.

दाराशी ती कान देऊन उभी राहिली. आतून आजीचा अडखळता आवाज आला.

"सगुणा... तू जेवला का?"

आजी धीर करून पुढे बोलू लागली.

"मी रोज वाट पाहिला. तुझा. छोटीचा."

गौतमीच्या जिभेवर बरोबर शब्द आले. तिने ओठ दाताखाली धरला.

"हा घर तुझी," आजी म्हणाली. "माझा मुलगा गेला. तू... तू माझा मुलगी."

एवढ्यात छोटी खुदकन हसली. "आजी, माझा मुलगी नाही! माझी मुलगी!"

"माझी मुलगी," आजी म्हणाली.

सगुणाही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "आई," ती म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही हो माझ्या."

गौतमी पाणी घेऊन आत आली तेव्हा आजी चुलीपाशी होती, छोटी तिच्या पाठीला बिलगली होती आणि सगुणा गाठोड्याची गाठ सोडत होती. तिसऱ्या प्रहरी मामांनी हाक मारली. सगुणा दारात येऊन म्हणाली, "मामा, तुम्ही व्हा पुढे. आम्ही राहतो."

तात्पर्य: मायेचे दोन मोडके शब्द आपल्याच तोंडून निघाले तर मनाला भिडतात, दुसऱ्याच्या शुद्ध वाणीला ते साधत नाही, म्हणून भाषा शिकवणाऱ्याला वेळेवर गप्प राहताही आलं पाहिजे.