मोडलेलं मौन

नदीकाठच्या एका गावात यमुनाकाकू राहायच्या. मोठ्या भाविक. मुलाचं, सारंगचं, कल्याण व्हावं म्हणून त्या श्रावणातल्या सोमवारी मौन धरत. दिवे लागून पूजा होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. कित्येक वर्षं त्यांनी हा नेम पाळला होता. यंदाचा शेवटचा सोमवार पार पडला की उद्यापन करायचं होतं.

त्या सोमवारी दुपारी सारंगच्या वर्गातली रेवती पूजेसाठी बेल घेऊन आली. दोघांचं एकमेकांवर मन आहे, हे काकूंना ठाऊक होतं. पोर गुणी, त्यांनाही आवडायची.

काकू देवघरात वाती वळत होत्या. ओसरीवरचं बोलणं कानावर येत होतं. गॅदरिंगच्या नाचात भाग घ्यायचा नाही, असं सारंग तिला बजावत होता. मग त्याने तिचा मोबाइल मागितला. तिने दिला नाही, तेव्हा त्याने तिचा हात धरून पिरगळला.

"सोड, दुखतंय. काकू आत आहेत."

सारंग हसला. "आईचं आज मौन आहे."

काकूंच्या हातातली वात गळली. एक शब्द, की इतक्या वर्षांचं व्रत वाया. त्यांनी महादेवाकडे पाहिलं, हात जोडले आणि त्या उठल्या.

"सारंग, हात सोड तिचा."

तो दचकला. हात सुटला. "आई, तुझं व्रत मोडलं! आणि माझं प्रेम आहे गं हिच्यावर, म्हणून तर…"

"जिच्यावर जीव आहे, तिला कुणी भीती घालतं का रे?"

मग त्यांनी रेवतीला जवळ घेऊन विचारलं, तुला काय हवंय बाळा? तिला घरी जायचं होतं. काकू स्वतः तिला पोचवायला गेल्या आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. पोटच्या पोराचा दोष झाकला नाही.

काही दिवसांनी एका सकाळी सारंगने विचारलं, रेवतीची माफी मागू का? काकू म्हणाल्या, जरूर माग. क्षमा करायची की नाही, हे मात्र तिचं तिने ठरवायचं.

रेवतीने त्याचं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं केलंस. पण आता तू माझ्या वाटेला येऊ नकोस."

सारंगचे डोळे भरून आले. "बरं," एवढंच तो म्हणाला, आणि मागे न लागता घरी परतला.

तात्पर्य: धाक दाखवून धरून ठेवलेलं माणूस आपलं होत नाही, आणि आपलंच माणूस चुकत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवणं, हीच त्याच्यावरची खरी माया.